मध्यरेषेजवळचे गाव

सातव्या शतकात, लीलावतीकर्त्या भास्कराचार्यांच्या पाचशे वर्षे आधी, पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीय’ ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरची ठिकाणे सांगितली. त्या यादीत अवंती म्हणजे उज्जैन आहे, आणि वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीमही आहे. वाशीमच्या मध्यमेश्वर मंदिराशी ही परंपरा आजही जोडली जाते. प्रत्यक्षात वाशीम उज्जैनच्या पूर्वेला सव्वा अंशाहून थोडे जास्त सरकलेले आहे, त्यामुळे वाशीमला सूर्य उज्जैनपेक्षा पाच-साडेपाच मिनिटे आधी माध्यान्हीला येतो. हा फरक जुन्यांच्या नजरेतून कसा सुटला, हे समजण्याजोगे आहे. दोन गावांच्या रेखांशांतले अंतर तेव्हा चंद्रग्रहणावरून काढत. ग्रहण सर्वांना एकाच क्षणी दिसते, मात्र त्या क्षणी प्रत्येक गावाची स्थानिक वेळ वेगळी असते. वेळ मोजायला हाताशी होते घटिकापात्र. एक घटिका २४ मिनिटांची, आणि हा फरक पाव घटिकेहूनही कमी! वाशीमच्या पश्चिमेला रिसोड तालुक्यात असलेले रिठद या जुन्या रेषेच्या ऐन शेजारचे गाव आहे. हौशी आकाशमंडळाने सार्वजनिक काम कोणते करावे आणि कुठे करावे, या प्रश्नाचे उत्तर मला या साडेपाच मिनिटांत दिसते. लोकांना आकाश दाखवणे हा त्या कामाचा अर्धाच भाग आहे. लोकांकडून आकाश मोजून घेणे हा उरलेला आणि अधिक मोलाचा भाग, आणि त्यासाठी रिठदसारखे गाव शहरापेक्षा सरस आहे.

मंडळांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था २२ ऑगस्ट १९४४ रोजी स्थापन झाली. हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये सूर्याजवळून गेला, त्या उत्साहात मुंबईचे खगोल मंडळ उभे राहिले. व्याख्याने, ग्रहणांचे कार्यक्रम आणि रात्रभराची आकाशदर्शने यांतून या संस्थांनी पिढ्या घडवल्या. खगोल मंडळाचे लोक मात्र रात्रभराच्या निरीक्षणासाठी कर्जतच्या लोकलने वांगणीला जातात, कारण मुंबईच्या उजेडात आकाश उरलेले नाही. शहर ज्यासाठी प्रवास करते, ते मोठ्या शहरांपासून दूरच्या गावात घराच्या छतावर उपलब्ध असते.

आता त्या मोजणीकडे वळू. सपाट अंगणात एक सरळ काठी रोवायची आणि ती उभी आहे की नाही, हे गवंड्याच्या ओळंब्याने तपासायचे. काठीभोवती वर्तुळ आखायचे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला शिवते तो बिंदू आणि दुपारनंतर पुन्हा शिवते तो बिंदू जोडून त्या रेषेचा मध्य काढला, की काठीच्या बुंध्यापासून त्या मध्यातून जाणारी रेषा दक्षिणोत्तर ठरते. ही शंकूची रीत आपल्या जुन्या ग्रंथांतलीच आहे. सावली या रेषेवर आली की गावाची माध्यान्ह झाली. त्या दिवशी उज्जैनच्या एखाद्या शाळेनेही हेच केले आणि दोघांनी फोनवरच्या भारतीय प्रमाणवेळेने क्षण टिपला, तर फरक हातात येतो. पहिल्या भास्कराकडे प्रमाणवेळ नव्हती. ती आता आठवीतल्या मुलाच्याही खिशात असते. एवढे झाले की पुढच्या मोजण्या आपोआप सुचतात. हात ताठ धरून दोन मुठी एकावर एक ठेवल्या की क्षितिजापासून साधारण २० अंश होतात, आणि रिठदला ध्रुवतारा तेवढाच वर दिसतो, कारण गावाचा अक्षांश तेवढाच आहे. अक्षांश २० म्हणूनच मेच्या २० तारखेच्या आसपास, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या २३ तारखेच्या सुमारास ती पुन्हा नाहीशी होते, पण तेव्हा बहुधा ढग असतात. येत्या ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसणार आहे. त्या रात्री जुनी ग्रहणरीत वापरून पाहण्याची तयारी मंडळाने आतापासून करावी.

गावाची दुसरी जमेची बाजू म्हणजे आकाशाचे पंचांग तिथे अजून रोजच्या बोलण्यात आहे. ७ किंवा ८ जूनला ‘मृग लागला’ असे प्रत्येक शेतकरी म्हणतो. याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रात गेला. म्हणजे नेमके त्याच दिवसांत मृगाचे तारे सूर्याच्या तेजात दडलेले असतात. ते मनसोक्त दिसतात डिसेंबर-जानेवारीत, गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी माणूस रात्री शेतात उभा असतो तेव्हा. नाव जूनमध्ये घेतले जाते आणि नक्षत्र थंडीत डोक्यावर असते. ही दोन टोके जोडून देणे मंडळाला सहज जमेल. त्यातून आणखी खोल गोष्ट कळते: पृथ्वीच्या अक्षाच्या संथ भ्रमणामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे ७१ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. पहिल्या भास्कराच्या काळी मृग आजच्यापेक्षा जवळपास वीस दिवस आधी लागत असे. पाऊस नक्षत्राला बांधलेला नाही, हे सांगायला यापेक्षा सरळ पुरावा नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की यातून शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार? सोयाबीनचा उतारा वाढणार नाही, हे उघड आहे. पण दावा तपासण्याची सवय लागेल. नक्षत्राचे वाहन बेडूक की उंदीर यावरून पाऊस सांगणारे भाकीत गावाच्या पर्जन्यमापकाशी पाच-दहा वर्षे ताडून पाहता येते. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात फलज्योतिषाची अशीच परीक्षा घेतली. हुशार आणि मतिमंद अशा २०० मुलांच्या पत्रिका गोळा झाल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून उत्तरे दिली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवूनही इतकेच जमले असते. दुसरा आक्षेप दुर्बिणीच्या खर्चाचा. वरच्या एकाही मोजणीला दुर्बीण लागत नाही. दुर्बीण आली तर आनंदच आहे, पण शनीची कडी पाहून घरी जाणारा माणूस प्रेक्षक राहतो, तर सावलीची नोंद ठेवणारा निरीक्षक होतो. मोबाइलवर ताऱ्यांची नावे दिसतात, मग मंडळ कशाला, हा तिसरा आक्षेप. मोबाइल उत्तर देतो हे खरे, पण ते उत्तर कशावरून आले हे तो शिकवत नाही. पावसाळ्याचे चार महिने ढगांत जातात हेही खरे, पण उरतात ते महिने मोठ्या शहराच्या धुरकट आकाशापेक्षा कितीतरी समृद्ध असतात.

निरीक्षकांची गरज किती खरी आहे, हे २ एप्रिल २०२२ रोजी दिसले. गुढीपाडव्याच्या त्या संध्याकाळी विदर्भ-खानदेशच्या आकाशातून पेटते गोळे सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे येऊन पडले. उल्का, विमान, क्षेपणास्त्र असे तर्क सुरू झाले. पुढे तज्ज्ञांनी हा प्रकार फेब्रुवारी २०२१ मध्ये उडवलेल्या चिनी अग्निबाणाच्या अवशेषांशी जोडला. अशा वेळी दोन गावांतून वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची नोंदली गेली, तर मार्ग गणिताने काढता येतो, आणि भीतीची जागा माहिती घेते. मुठीने अंश मोजायला शिकलेली दहा माणसे प्रत्येक तालुक्यात असणे हे जाहीर व्याख्यानांपेक्षा मोठे सार्वजनिक काम आहे.

या सगळ्याचा पाया म्हणजे अंधार, आणि तो गावातूनही हटू लागला आहे. पांढऱ्या झगझगीत पथदिव्यांचा बराच उजेड रस्त्यावर न राहता आकाशात जातो. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले पथदिवे बदलून उजेड जमिनीकडे वळवण्यात आला. गावे अंधारात बुडाली नाहीत, दिव्यांना फक्त तोंड खाली करायला लावले. यात जंगलाची अट कुठेच नाही. हे ग्रामपंचायतीच्या ठरावाने होऊ शकते. म्हणून माझ्या मते रिठदसारख्या गावात मंडळ निघाले तर त्याचा पहिला सार्वजनिक कार्यक्रम ग्रामसभेत व्हावा: पथदिव्यांवर झाकण, खालच्या दिशेचा उजेड आणि मध्यरात्रीनंतर निम्मे दिवे बंद, या तीन मागण्यांचा. वीजबिलही उतरेल आणि पुढच्या पिढीला मोजायला तारेही उरतील.