भार जातो कुठं?

विजापूरला, म्हणजे आताच्या विजयपुराला, गोलघुमट बघायला गेलं की आपण बायका काय करतो? धापा टाकत जिने चढायचे, वरच्या सज्जात कुणाच्या तरी नावानं ओरडायचं, घुमणारा आवाज ऐकून हसायचं आणि खाली येऊन डबे उघडायचे. आमच्या मंडळाच्या सहलीतही तेच झालं. सोबत आलेली माझी भाची मात्र खालीच, कोपऱ्यांकडे मान वर करून उभी. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे ती.

"मावशी, मधे एक तरी खांब दिसतो का गं?"

खरंच नव्हता! १६५६ मध्ये वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची ही कबर. आतली जागा १८ हजार चौरस फुटांहून जास्त, आणि वर सुमारे ३८ मीटर रुंदीचा घुमट. मग एवढं ओझं पेलतं कोण?

तिनं समजावलं ते असं. घुमट नुसता खाली दाबत नाही, पाय पसरून बाहेरही ढकलतो. भिंती तर चौकोनी. म्हणून आठ मोठ्या कमानी एकमेकींत गुंतवल्यात. त्यांच्यामधलं बांधकाम आत झुकत वर जातं आणि गोल कडं तयार होतं. आत झुकलेलं हे वजन घुमटाच्या बाहेर रेटण्याला आवरून धरतं. बाकीचा भार जाड भिंतींतून जमिनीत. "इमारत बघायची म्हणजे भार कुठून कुठं जातो ते बघायचं," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत आमच्यातल्या एकीनं विषय काढला. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडून मोठी खोली करायची होती. मिस्त्री म्हणाला होता, काही होत नाही.

भाचीनं लगेच विचारलं, "काकू, घर किती जुनं? खांब आहेत, की स्लॅब भिंतींवरच टेकलाय? वर काय आहे?"

काकूंना सांगता येईना. आपल्या गावांतली कितीतरी जुनी घरं बिनखांबाचीच आहेत, तिथं भिंत हाच खांब. नुसत्या जाडीवरून ओळखता येत नाही, इंजिनिअरलाच दाखवावं लागतं. (ओट्याच्या ग्रॅनाइटसाठी आपण चार दुकानं हिंडतो, इंजिनिअरची फी तेवढी जड वाटते!)

काकूंनी मात्र इंजिनिअर बोलावला. स्लॅब त्याच भिंतीवर होता. आता तिथं वर लिंटेल टाकून छोटी खिडकी केलीय, ताटं सरकवण्यापुरती. काकांना ती लहान वाटते म्हणे.