वळणावर ट्रॉली बाहेरच का कलंडते?

मुळा कारखान्याचा हंगाम लागला की आपल्या सोनईचे रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरतात. मागच्या गप्पांनंतर एका ताईंनी आम्हाला विचारलं, "वळणावर आमच्या ह्यांनी गाडी जोरात घेतली नाही, काटा तीसवरच होता. मग मी बाहेर फेकल्यासारखी का झाले?"

उत्तर गोफणीत आहे. फिरणारा दगड क्षणोक्षणी सरळ जाऊ बघतो, दोरी त्याला आत ओढत राहते. दोरीचं एक टोक सोडलं की दगड वर्तुळाला नुसता स्पर्श करणाऱ्या रेषेत सुटतो. ती रेषा ही वेगाची दिशा. दोरी ओढते ती, म्हणजे मध्याकडची, त्वरणाची दिशा. दोन्हींत काटकोन. म्हणून ही ओढ चाल वाढवत नाही, कमीही करत नाही, फक्त वळवते. त्वरण म्हटलं की आपल्याला ॲक्सिलेटर पिळणं आठवतं. पण वेगात दिशाही धरतात. काटा हलला नाही तरी दिशा बदलली, की वेग बदलला आणि त्वरण आलं.

ताईंना कुणी ढकललं नव्हतं. गाडी वळली, त्यांचं अंग सरळ निघालं होतं.

हे त्वरण किती? चालीचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० किलोमीटरला ते सेकंदाला सेकंदाला दीड मीटर भरतं. ताशी ४० ला दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे ६ मीटरच्या वर! पृथ्वीची ओढ ९.८ आहे, त्यावरून अंदाज घ्या.

ट्रॉलीला आत वळवणारी ओढ खाली, टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून मिळते. उसाचा भार मात्र वर, उंच रचलेला. चाक वळतं, वरचा भार सरळ जाऊ बघतो, आणि ट्रॉली वळणाच्या बाहेरच्या अंगाला कलंडते. रस्त्यावर पाचट सांडलेलं असेल तर आपल्या दुचाकीची पकडही सुटते. म्हणून वळणावर ट्रॉलीच्या बाहेरच्या बाजूने कधीही पुढे काढू नका, मागेच थांबा. आपला वेग वळणाआधी कमी करा, वळणात शिरल्यावर करकचून ब्रेक नको. उसावर पोरांना तर बसवूच नका.

कारखान्यात हीच गोष्ट कामाला लावतात. साखर आणि मळीचा रगडा जाळीच्या पिंपात गरगर फिरवतात. ६० सेंटिमीटर त्रिज्येचं पिंप मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर त्वरण पृथ्वीच्या ओढीच्या साडेनऊशे पटींवर जातं. दाण्यांना जाळी आत धरून ठेवते. मळीला धरायला कुणी नसतं, ती भोकांतून बाहेर पडते.