स्टीलहेड फ्लाय

स्टीलहेड फ्लाय म्हणजे स्टीलहेड हा मासा पकडण्यासाठी गळावर पिसे, केस, लोकर व जर बांधून तयार केलेले कृत्रिम आमिष होय. 'फ्लाय' या शब्दाचा मूळ अर्थ माशी असा असला, तरी यांतील बहुतेक आमिषांचे कोणत्याही कीटकाशी साम्य नसते. समुद्रातून नदीत परतलेला स्टीलहेड फारच थोडे अन्न घेतो. त्यामुळे फ्लाय निवडताना मासा काय खातो यापेक्षा पाण्याची खोली, तापमान, गढूळपणा व प्रकाश यांचा विचार अधिक केला जातो.

मासा

स्टीलहेड ही स्वतंत्र जाती नसून रेनबो ट्राउट या जातीचे समुद्रात जाणारे रूप आहे. तिचे शास्त्रीय नाव ऑन्कोऱ्हिंकस मायकिस असे आहे. उत्तर अमेरिकेचा पॅसिफिक किनारा व रशियातील कामचात्का द्वीपकल्प हे स्टीलहेडचे मूळ प्रदेश होत. त्याचा जन्म नदीत होतो. पुढे तो समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत येतो. पॅसिफिक महासागरातील सामन मासे प्रजननानंतर मरतात. स्टीलहेड मात्र जगून समुद्रात परत जाऊ शकतो.

नदीत येण्याच्या काळानुसार त्याचे उन्हाळी व हिवाळी असे दोन गट मानले जातात. उन्हाळी मासे प्रजननक्षम होण्यापूर्वीच नदीत शिरतात व कित्येक महिने तेथे राहून पुढील वसंतात अंडी घालतात. हिवाळी मासे जवळजवळ परिपक्व अवस्थेत येतात. भूक नसतानाही हा मासा आमिषावर झडप का घालतो, याविषयी मतभिन्नता आहे. चीड, कुतूहल आणि लहानपणी नदीत किडे टिपण्याची जडलेली सवय, अशी तीन कारणे प्रामुख्याने सांगितली जातात.

निवड

फ्लाय बहुधा प्रवाहाच्या दिशेने तिरकी फेकली जाते. प्रवाहाच्या ओढीने ती कमानीसारखे वळण घेत काठाकडे येते. त्यानंतर मासेमार एकदोन पावले खाली सरकून पुन्हा फेक करतो. आमिष माशाला दिसेल अशा खोलीवरून व योग्य वेगाने जाणे, हे त्याच्या रंगापेक्षाही महत्त्वाचे समजले जाते.

पाणी सुमारे १० अंश सेल्सिअसपेक्षा उबदार असेल, तर मासा चपळ असतो व पृष्ठभागापर्यंत वर येतो. अशा वेळी लहान, विरळ बांधणीची किंवा पृष्ठभागावर रेघ ओढत जाणारी तरंगती फ्लाय वापरतात. हरणाचे केस आतून पोकळ असल्यामुळे तरंगत्या फ्लायसाठी ते उपयुक्त ठरतात. हिवाळ्यातील थंड पाण्यात मासा सुस्त असतो व आमिषासाठी दूरवर जात नाही. तेव्हा बुडत्या दोरीला मोठी फ्लाय लावून ती तळाजवळून संथपणे नेतात. तिला वजन यावे म्हणून धातूच्या मण्यांचे डोळे बांधले जातात.

स्वच्छ पाण्यात लहान व फिकट, तर गढूळ पाण्यात मोठी व गडद फ्लाय निवडण्याची पद्धत आहे. खालून पाहणाऱ्या माशाला उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळी आकृती ठळक दिसते. त्यामुळे काळा रंग पहाटे व सायंकाळीही उपयोगी पडतो. हिवाळी फ्लायमध्ये नारिंगी, गुलाबी व जांभळे रंग विशेष आढळतात.

बांधणी

'ग्रीन बट स्कंक' ही या प्रकारातील एक सुपरिचित फ्लाय आहे. तिच्या बांधणीवरून सर्वसाधारण क्रम समजतो. प्रथम गळ छोट्या शेगड्यात घट्ट धरतात व त्याच्या दांडीवर काळा धागा गुंडाळतात. मागील टोकाला लाल पिसाच्या तंतूंची शेपटी बांधतात. शेपटीपुढे चकाकत्या हिरव्या लोकरीचे दोन-तीन वेढे येतात. फ्लायच्या नावातील 'हिरवा' शब्द त्यांवरून आला आहे. पुढील अंग काळ्या लोकरीचे करून त्यावर रुपेरी जर समान अंतराने तिरकी गुंडाळतात. त्यानंतर काळ्या कोंबड्याच्या मानेचे पीस वेढून त्याचे तंतू मागे वळवतात. वर पांढऱ्या केसांचा पंख बांधतात. शेवटी धाग्याचे लहान डोके करून गाठ मारतात व त्यावर वॉर्निश लावतात.

नवशिक्यांकडून सामग्री प्रमाणाबाहेर वापरली जाते. फार दाट फ्लाय पाण्यात लवकर बुडत नाही. नेढ्यालगत जागा न सोडल्यास डोके जाड होते व दोरी ओवणे अवघड जाते.

इतिहास व सामग्री

आरंभीच्या स्टीलहेड फ्लायवर ट्राउट व अटलांटिक सामन यांच्यासाठीच्या फ्लायचा प्रभाव होता. विसाव्या शतकाच्या मध्यास वॉशिंग्टन राज्यातील फोर्क्स येथील शिक्षक सिड ग्लासो यांनी स्कॉटलंडमधील स्पे नदीवरची लांब पिसांची शैली स्टीलहेडसाठी वापरात आणली. या शैलीत बगळ्याच्या कुळातील पक्ष्यांची पिसे वापरली जात. अमेरिकेत या पक्ष्यांना १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार अधिनियमाचे संरक्षण असल्यामुळे आता त्यांऐवजी फेझंटची रंगवलेली पिसे वापरतात.

सामन व स्टीलहेडच्या काही पारंपरिक शैलीच्या फ्लायमध्ये राखी रानकोंबड्याच्या मानेची, मेणासारखे चकचकीत ठिपके असलेली पिसे लावतात. हा पक्षी मूळचा भारतातील असून सह्याद्रीतही आढळतो. भारतात त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षण आहे. परदेशांत बंदिवासात वाढवलेल्या पक्ष्यांची पिसे किंवा कृत्रिम पिसे वापरली जातात.

संवर्धन

धरणे, जंगलतोड, नद्यांतील अधिवासाची हानी व बदलते सागरी हवामान यांमुळे अनेक नद्यांतील स्टीलहेडची संख्या घटली आहे. अमेरिकेच्या संकटग्रस्त जाती अधिनियमाखाली दक्षिण कॅलिफोर्नियातील समूह १९९७ मध्ये, तर प्युजेट साउंडमधील समूह २००७ मध्ये सूचिबद्ध झाला. क्लॅमथ नदीवरील चार धरणे हटवण्याचे काम २०२४ मध्ये पूर्ण झाले. त्यामुळे सामन व स्टीलहेडला वरच्या प्रवाहाकडे जाण्याचा मार्ग पुन्हा खुला झाला.

या घटीचा परिणाम फ्लायच्या रचनेवरही झाला आहे. अनेक नद्यांत नैसर्गिकरीत्या वाढलेला मासा पकडल्यावर सोडून देणे बंधनकारक आहे. गळाच्या टोकाजवळील उलटा काटा मासा सोडताना इजा करतो. म्हणून काटा नसलेला किंवा दाबून सपाट केलेला गळ वापरावा, असे नियम पुष्कळ ठिकाणी आहेत. लांब दांडीचा गळ तरफेसारखा हलून जबड्याची जखम वाढवतो. 'इंट्रूडर' या मोठ्या आकाराच्या फ्लायमध्ये पिसे गळ नसलेल्या दांडीवर बांधतात व आखूड गळ मागे दोरीने जोडतात. काही मासेमार तर गळाचे टोकच कापून टाकतात. मासा आमिषाकडे झेपावलेला पाहणे त्यांना पुरेसे वाटते.