पंच जायबंदी झाल्यास शिट्टी कोणाच्या हाती?

आपल्या शाळेच्या क्रीडांगणावर झालेल्या असंख्य सामन्यांपैकी एका सामन्याची आठवण आम्हांला आजही अस्वस्थ करते. प्रस्तुत लेख त्याच अस्वस्थतेतून लिहिला आहे.

वार्षिक क्रीडामहोत्सवात वसतिगृहांच्या दोन संघांमध्ये फुटबॉलचा अंतिम सामना चालू होता. उत्तरार्धात, दोन्ही संघ बरोबरीत असताना, पंच म्हणून धावणाऱ्या क्रीडाशिक्षकांचा पाय मुरगळला आणि ते मैदानातच बसले. त्यांना उचलून बाहेर नेण्यात आले. आता शिट्टी कोणी घ्यावी? फुटबॉल उत्तम जाणणारे एक सहकारी तेथेच उभे होते. परंतु ते खेळणाऱ्या एका वसतिगृहाचे अधीक्षक असल्यामुळे दुसऱ्या संघाच्या मुलांनी हरकत घेतली. पंधरा मिनिटे वाद झाला. सूर्य कलू लागला, तेव्हा कोणाचेच नसलेले गृहस्थ म्हणून शिट्टी आमच्या हाती देण्यात आली. इतिहास शिकविणाऱ्या माणसाला फुटबॉलचे जेवढे नियम ठाऊक असावेत, तेवढेच आम्हांला ठाऊक होते.

थोड्याच वेळात एका खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला मागून पाडले. आम्ही त्याला पिवळे कार्ड दाखविले व खेळ पुढे चालू केला. त्याच्याच संघाने पुढे गोल करून सामना जिंकला. पराभूत संघाचा कर्णधार आमच्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, “सर, त्याला आधीच एक पिवळे कार्ड मिळाले होते.” पंचांचा निर्णय अंतिम असतो, असे सांगून आम्ही त्याला परत पाठविले. रात्री क्रीडाशिक्षकांची वही पाहिली, तेव्हा पूर्वार्धातील ती नोंद स्पष्ट दिसली. दोन पिवळी कार्डे म्हणजे लाल कार्ड. तो खेळाडू मैदानाबाहेर जावयास हवा होता आणि उर्वरित वेळ त्याच्या संघाने दहाच खेळाडूंनिशी खेळावयास हवे होते. विजयी गोल नेमका त्याच वेळात झाला होता.

आमच्या मनात पक्षपात नव्हता. तरीही अन्याय झाला. तो कसा झाला, हे समजून घेण्यासाठी आम्ही पंचांच्या नियमांचा इतिहास पाहिला. जे हाती लागले ते माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

आज पंचांशिवाय फुटबॉलची कल्पना करता येत नाही. परंतु १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने आपले पहिले नियम लिहिले, तेव्हा त्यांत पंचाचा उल्लेखच नव्हता. सभ्य गृहस्थ खेळतात, ते आपसांतील तंटे आपणच मिटवितील, अशी त्यामागील धारणा होती. स्पर्धा वाढल्या, ईर्ष्या वाढली आणि ही धारणा टिकली नाही. मग प्रत्येक संघ आपला एक अंपायर आणू लागला. आपल्या माणसाचे डोळे आपल्याच बाजूने पाहतात, हा अनुभव यावयास वेळ लागला नाही. दोन्ही अंपायरांचे एकमत न झाल्यास प्रश्न ज्या तिसऱ्या व्यक्तीकडे सोपवावयाचा, म्हणजे ‘रेफर’ करावयाचा, तो रेफरी. आरंभी तो मैदानाबाहेर असे. १८९१ साली नियम बदलले. रेफरी मैदानात आला, निर्णयाचा अधिकार त्याच्याकडे गेला आणि दोन्ही अंपायर रेषेवर जाऊन लाइन्समन झाले. त्यांनाच १९९६ पासून सहायक पंच म्हणतात. आपल्याकडे मुंबईत रोव्हर्स चषक स्पर्धेचा आरंभ याच १८९१ सालचा, हेही येथे नोंदविण्यासारखे आहे.

या बदलाचा अर्थ एवढाच की, न्याय करणारा कोणत्याही पक्षाचा नसावा हे तत्त्व खेळाने मान्य केले. परंतु त्या तटस्थ माणसाचाच पाय मोडला तर काय, हा प्रश्न त्यानंतरही कित्येक दशके बराचसा दैवावर सोडलेला होता. आमच्या मैदानावर जे घडले, तसेच ते फार मोठ्या मैदानावरही घडले आहे.

१६ सप्टेंबर १९७२ रोजी लंडनच्या हायबरी मैदानावर आर्सेनल आणि लिव्हरपूल या इंग्लंडच्या दोन बलाढ्य संघांचा सामना होता. मुख्य पंच होते पॅट पार्ट्रिज. सामना चालू असताना डेनिस ड्रुइट हे लाइन्समन जखमी झाले व त्यांना पुढे काम करणे अशक्य झाले. राखीव पंच नेमलेला नव्हता. तेव्हा ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांनाच आवाहन करण्यात आले की, पंचाची पात्रता असलेले कोणी उपस्थित असल्यास त्यांनी पुढे यावे. प्रेक्षकांतून उठून आले ते जिमी हिल.

हिल यांचे नाव इंग्लंडमध्ये घरोघरी परिचित होते. ते फुलहॅम संघाचे माजी खेळाडू. व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचे नेतृत्व करताना, खेळाडूला आठवड्याला वीस पौंडांहून अधिक वेतन देऊ नये हे बंधन १९६१ साली उठविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे ते कॉव्हेंट्री सिटीचे व्यवस्थापक झाले आणि त्यानंतर दूरचित्रवाणीवरील फुटबॉल समीक्षक. परंतु त्या दिवशी त्यांच्या कीर्तीपेक्षा दोन साध्या गोष्टी उपयोगी पडल्या. ते पात्रताप्राप्त पंच होते आणि आर्सेनल किंवा लिव्हरपूल यांपैकी कोणत्याही संघाकडून ते खेळलेले नव्हते. त्यांनी हाती निशाण घेतले व सामना पूर्ण झाला. तो शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला.

ही हकिकत इंग्लंडमध्ये आजही कौतुकाने सांगितली जाते. इतिहासाचा शिक्षक म्हणून आम्हांला मात्र तिच्यात एक इशाराही दिसतो. त्या दिवशी पात्र आणि तटस्थ माणूस प्रेक्षकांत बसलेला होता, हा योगायोग होता. आणि योगायोगावर न्याय सोपविता येत नाही.

फुटबॉलचे नियम करणारी संस्था इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड ही होय. तिने १९९१ साली चौथ्या पंचाला नियमांत स्थान दिले. बदली खेळाडूंची नोंद घेणे, वाढीव वेळेचा फलक दाखविणे, राखीव खेळाडू व प्रशिक्षक यांच्यावर लक्ष ठेवणे ही त्यांची कामे आपण दूरचित्रवाणीवर पाहतो. परंतु त्यांच्या तेथे असण्याने सामना अडून राहण्याचा धोकाही टळतो. मोठ्या स्पर्धांत याखेरीज एक राखीव सहायक पंचही असतो. कामास असमर्थ झालेल्या सहकाऱ्याची जागा घेणे, हे त्याचे कर्तव्य. बहुतेक सामन्यांत त्याच्यावर ती वेळ येत नाही, आणि तरीही तो प्रत्येक सामन्यात तयार बसतो.

आजचा नियम काय सांगतो? खेळाच्या सतरा नियमांपैकी पाचवा मुख्य पंचांविषयी व सहावा इतर पंचांविषयी आहे. एखादा पंच सामना सुरू करू शकला नाही किंवा पुढे चालवू शकला नाही, तर त्याची जागा कोण घेईल, हे स्पर्धेच्या नियमावलीत आधीच स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे, असे सहावा नियम सांगतो. मुख्य पंच जखमी झाल्यास चौथे पंच पुढे येणार की ज्येष्ठ सहायक पंच, हे स्पर्धेने ठरवावयाचे आहे. निवड कोणतीही असो. ती सामन्यापूर्वी झालेली असावी, हा आग्रह आहे. कारण पंच पडल्यानंतर निवड करू गेल्यास प्रत्येक जण गुणफलकाकडे पाहून मत देतो. आमच्या मैदानावरील पंधरा मिनिटांचा वाद दुसरे काय सांगत होता?

पाचव्या नियमात आणखी एक तरतूद आहे. मुख्य पंच अकस्मात असमर्थ झाले, तरी चेंडू खेळाबाहेर जाईपर्यंत इतर पंचांच्या देखरेखीखाली खेळ चालू राहू शकतो. म्हणजे व्यवस्था एका माणसाबरोबर कोसळत नाही. पंचाच्या दुखापतीसाठी खेळ मध्येच थांबवावा लागलाच, तर तो ‘ड्रॉप बॉल’ने पुन्हा सुरू होतो. पंच चेंडू ज्या खेळाडूसमोर टाकतात, तो सोडून इतर सर्वांनी किमान चार मीटर दूर राहावयाचे असते. वाया गेलेला वेळ शेवटी भरून देण्यात येतो. दुखापत पंचाची आहे, तिचा लाभ वा तोटा कोणत्याही संघाला होऊ नये, ही त्यामागील दृष्टी होय.

नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही हे उदाहरण आता आवर्जून देतो, कारण भारतीय संविधानातही अशीच दूरदृष्टी आहे. राष्ट्रपतिपद रिक्त झाल्यास उपराष्ट्रपतींनी ते कार्य पाहावे, असे कलम ६५ सांगते. आणि याहून वेगळा प्रसंग उद्भवल्यास तरतूद करण्याचा अधिकार कलम ७० संसदेला देते. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी कार्यभार घेतला. त्याच महिन्यात संसदेने कायदा केला की, उपराष्ट्रपतीही नसतील तर सरन्यायाधीशांनी हे कार्य पाहावे. जुलैत गिरी यांनी राजीनामा दिला, तेव्हा सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतींचे कार्य पाहिले. पदे रिक्त झाली, पण पुढे कोण हा वाद रस्त्यावर आला नाही. उत्तर आधीच लिहिलेले होते.

आता आमच्या चुकीकडे पुन्हा वळू. माणूस बदलला तरी सामना तोच असतो. आधीच्या पंचांनी दिलेले गोल, दाखविलेली कार्डे, मान्य केलेले बदली खेळाडू हे सर्व जसेच्या तसे कायम राहते. नव्या पंचाला कोरी पाटी मिळत नाही. त्याला चालू वही मिळते. म्हणून शिट्टी घेण्यापूर्वी त्याने काही गोष्टी हाती घेतल्याच पाहिजेत. गोलसंख्या किती, किती मिनिटे झाली व किती वेळ भरून द्यावयाचा आहे, कोणत्या क्रमांकाच्या खेळाडूंना पिवळे कार्ड मिळाले आहे, कोणते खेळाडू बदलले गेले, आणि खेळ कोठून व कसा पुन्हा सुरू व्हावयाचा आहे. जखमी पंच बोलण्याच्या स्थितीत असतील तर त्यांना विचारावे, नसतील तर त्यांची वही पाहावी. त्यानंतर दोन्ही कर्णधारांना जवळ बोलावून हा तपशील मोठ्याने वाचून दाखवावा. दोन मिनिटांचे हे काम आहे. आम्ही शिट्टी घेतली, वही घेतली नाही. सगळा अन्याय त्या दोन मिनिटांत दडलेला होता.

पंचांचा निर्णय अंतिम असतो, हे खरेच आहे. नियम तसे सांगतो, अन्यथा कोणताही सामना संपणार नाही. परंतु त्या वाक्याचा आधार आम्ही आमचे अज्ञान झाकण्यासाठी घेतला. निकाल अंतिम असला, तरी चूक झाली हे मान्य करण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती.

या अनुभवावरून आपल्या शाळेच्या मैदानासाठी काही गोष्टी आम्हांला आवश्यक वाटतात. प्रत्येक सामन्यापूर्वी राखीव पंचाचे नाव कागदावर लिहून दोन्ही कर्णधारांना दाखवावे. त्या व्यक्तीचा खेळणाऱ्या वसतिगृहाशी वा वर्गाशी संबंध नसावा. सामन्याची नोंद मैदानाबाहेर बसलेल्या दुसऱ्या व्यक्तीनेही ठेवावी, म्हणजे वही एकाच खिशात अडकून पडणार नाही. जखमी पंचाने भिडेखातर लंगडत धावू नये आणि इतरांनी त्याला तसा आग्रह करू नये. मोठ्या सामन्यात पंचाला दहा-बारा किलोमीटर धावावे लागते. ज्याचे पाय चेंडूपर्यंत पोहोचत नाहीत, त्याचे डोळेही पोहोचत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वरच्या वर्गांतील मुला-मुलींना पंचाचे काम शिकवावे. महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही राज्य संघटना आहे. तिच्यामार्फत पंचांच्या प्रशिक्षणाची व परीक्षेची वाट खुली आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना शाळेसाठी काही करण्याची इच्छा आहे, त्यांनी दरवर्षी दोन विद्यार्थ्यांच्या अशा प्रशिक्षणाचा भार उचलावा, अशी आमची विनंती आहे. ज्या मुलाने एकदा शिट्टी हाती घेऊन आपल्याच मित्राविरुद्ध निर्णय दिला, त्याला निःपक्षपातीपणावरचे वेगळे व्याख्यान लागत नाही.

तो पराभूत कर्णधार आता माजी विद्यार्थ्यांच्या यादीत आहे. ही स्मरणिका त्याच्या हाती पडेल, अशी आशा आहे. त्या सायंकाळी तू बरोबर होतास, बाळा. वही आम्ही पाहिली नव्हती.