बेंचवरचा वहीवाला

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा फुटबॉल सामना रंगलाय. गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. आपण बसलोय तिथं एके काळी रावणेश्वराचं तळं होतं, हे आज कुणाला सांगून खरं वाटणार नाही. पाणी गेलं, लाटा तेवढ्या राहिल्या! चेंडू उजव्या बगलेला गेला की सगळी गॅलरी उजवीकडं कलते, डावीकडं आला की डावीकडं.

आता एक गंमत करा. चेंडूवरची नजर काढा आणि बेंचकडं बघा. टोकाला डोक्यावर टोपी, मांडीवर वही असा एक माणूस बसलेला दिसेल. हजारो माना एकीकडं वळल्यात आणि हा पठ्ठ्या भलतीकडंच बघतोय. चेंडूपासून चाळीस-पन्नास मीटर लांब, काहीच न करता उभ्या असलेल्या आपल्या डाव्या बॅककडं. मग खाली बघून दोन शब्द लिहितो. पुन्हा तिकडंच बघतो.

याला फुटबॉल कळतो की नाही? कळतो, आणि जरा जास्तच कळतो. हा असिस्टंट कोच आहे, आणि तो काय बघतोय हे समजलं की अख्खा खेळच उलटा दिसायला लागतो.

आधी एक साधं गणित. सामना 90 मिनिटांचा. त्यातून थ्रो, फ्री किक, बदली खेळाडू, बुटाची नाडी असा वेळ वजा केला की चेंडू खरोखर खेळात असतो तो साधारण 55 ते 60 मिनिटं. खेळाडू 22, चेंडू एक. मग एकेकाच्या पायाशी तो किती वेळ असेल? जेमतेम दोन-तीन मिनिटं! ज्या ड्रिबलिंगसाठी आपण घसा फोडतो, ज्याचे व्हिडिओ रात्रभर मोबाइलवर फिरतात, ते सगळं या दोन-तीन मिनिटांतलं. उरलेला वेळ हा गडी करतो काय? धावतो, थांबतो, जागा धरतो, मान वळवून मागं बघतो. चेंडू नसताना तो जे करतो त्यावरच, चेंडू आल्यावर त्याला किती सवड मिळणार, हे ठरतं. नॉर्वेचे अभ्यासक गेर योर्डेट यांनी खेळाडूंच्या नुसत्या माना किती वेळा वळतात ते मोजत वर्षं घालवली. पास येण्याआधी जे खेळाडू जास्त वेळा खांद्यावरून मागं बघतात, त्यांचे पुढचे पास जास्त अचूक पडतात, असं त्यातून दिसलं. पायांचा खेळ म्हणता म्हणता हा मानेचा खेळ निघाला की!

वहीवाला नेमकं हेच टिपतोय. चार बचावपटूंची फळी म्हणजे लेझीम पथकच. सगळ्यांनी एका ठेक्यात एक पाऊल पुढं टाकलं तर समोरचा फॉरवर्ड ऑफसाइड. एकाचं पाऊल मागं राहिलं की तोच फॉरवर्ड गोलसमोर मोकळा. गॅलरीला गोल दिसतो. मागं राहिलेलं पाऊल दिसतं ते वहीवाल्याला.

पण हे हेड कोचला नाही का दिसत? तोही तिथंच तर उभा आहे.

1986 मध्ये कॅनडात इयन फ्रँक्स आणि गॅरी मिलर यांनी याची चाचणीच घेतली. फुटबॉल शिकवणाऱ्यांना त्यांनी सामन्याचा एक हाफ दाखवला आणि लगेच प्रश्न विचारले. चेंडू कुठं गेला, कसा हरवला, कोणत्या भागातून शॉट लागला, असे. निम्म्याहून कमी उत्तरं बरोबर आली! ही काही पानपट्टीवर सामना ऐकलेली मंडळी नव्हती, डोळ्यांत तेल घालून बघणारी होती. माणसाच्या स्मरणशक्तीची तऱ्हाच अशी आहे. गोल, भांडण, पेनल्टी, रेफ्रीची चूक हे भडक प्रसंग डोक्यात घर करतात आणि बाकीचा सामना वाळूवरच्या रेघेसारखा पुसून जातो. वर आपण तिघं-चौघं चहाच्या टपरीवर छातीठोक सांगतो, ‘‘मी सांगतो ना, काय झालं ते.’’ मीही सांगत आलोय. ही चाचणी कळल्यापासून आवाज जरा खाली आलाय.

म्हणून वही हवी, आणि आरडाओरडा बाजूला ठेवून बघणारी दुसरी जोडी डोळ्यांचीही हवी. असिस्टंट कोच मुळात आहे तो एवढ्यासाठी.

हा माणूस खेळात आला कधी? त्यासाठी जरा अमेरिकेला जाऊन यावं लागेल. ‘कॉलेज फुटबॉलचा असिस्टंट कोच’ ही तिकडं केवढी मोठी नोकरी आहे, याची कल्पना आपल्याला इथं बसून येत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या कॉलेज संघाच्या स्टेडियमवर एक लाख सात हजार माणसं बसतात. कॉलेजच्या पोरांचा सामना बघायला! त्यांचा फुटबॉल वेगळा, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा. पण त्यांच्या कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना मानतात तो 6 नोव्हेंबर 1869 चा, रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांमधला, आणि त्यात चेंडू उचलून पळायला चक्क बंदी होती. पायानं मारायचा किंवा हातानं टोलवायचा. एकेका बाजूला 25 गडी. रटगर्सनं 6-4 असा जिंकला. कोच? एकही नव्हता. पोरांनी आपसांत ठरवलं आणि भिडले. त्या दिवशी तिथं जे चाललं होतं ते आजच्या अमेरिकेपेक्षा गांधी मैदानातल्या गल्लीच्या सामन्याला जवळचं होतं.

पुढं वाटा फुटल्या. अमेरिकेत खेळाडू हवे तितके बदलायची मुभा मिळाली आणि 1945 मध्ये मिशिगनच्या फ्रिट्झ क्रायस्लर यांनी तगड्या आर्मी संघापुढं शक्कल लढवली. चढाईला वेगळे अकरा, बचावाला वेगळे अकरा! सामना ते हरले, पण कल्पना जिंकली. दोन संघ झाले म्हणजे दोन शिकवणारे आले. मग पळणाऱ्यांना एक, अडवणाऱ्यांना एक, फेकणाऱ्याला एक. असिस्टंटांचं पीक इतकं माजलं की दहापेक्षा जास्त नकोत असा नियम करावा लागला, आणि तो 2024 पर्यंत चालला. त्यातले काही जण वर उंच काचेच्या खोलीत बसतात आणि तिथून कानातल्या यंत्रावर खाली बोलतात. कारण सरळ आहे. मैदानाच्या कडेवरून पोरं एकमेकांच्या आड जातात, वरून मात्र सगळी मांडणी पटावर ठेवल्यासारखी दिसते. आमच्या गॅलरीतल्या शेवटच्या पायरीवरच्या म्हाताऱ्याला हे कधीच ठाऊक होतं. ‘‘वरनं दिसतंय रं समदं!’’

आपल्या फुटबॉलमध्ये नेमकं उलटं होतं. सामना चालू असताना कोचनं बाहेरून डावपेच ओरडून सांगायचे नाहीत, असा नियम 1993 पर्यंत होता! आज रेषेजवळच्या चौकटीत उभं राहून हातवारे करणारा कोच आपल्याला अनादि काळापासूनचा वाटतो, पण तो इतका अलीकडचा आहे. त्याआधी शिकवायचं ते सरावात आणि हाफ टाइमला. मग त्या मोजक्या मिनिटांत सांगायच्या तीन गोष्टी नेमक्या कोणत्या, हे ठरवण्याला सोन्याचं मोल आलं. त्या तीन गोष्टी यायच्या कुठून? निरखून बघणाऱ्याकडूनच.

कोल्हापूरला मात्र या पदाचं नवल वाटायचं कारण नव्हतं. इथं फुटबॉल उतरला तोच मुळी तालमीत. दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, पाटाकडील तालीम. नावं वाचून बाहेरगावच्या माणसाला वाटावं, कुस्तीचं मैदान आहे. जगात आणखी कुठं फुटबॉल संघाच्या नावात आखाडा असेल? आणि तालमीत व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या एकच. वस्ताद हौद्याच्या कडेला बसणार, आणि मातीत उतरून पोरांना पकडी दाखवणार त्याचा जुना पट्ठा. तो अजून लढतोही आणि शिकवतोही. वस्तादाची नजर आणि पोरांचं अंग यांच्यामधला दुवा तो. त्याच्या हाती वही द्या, झाला असिस्टंट कोच! वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. तो डाव पहिल्यांदा ओळखतो तो हाच पट्ठा.

आमच्या कॉलेजांत या कामाला धड नावही नसतं. कागदावर शारीरिक शिक्षण संचालक असतात, म्हणजे पोरांचे ‘स्पोर्ट्सचे सर’. त्यांच्याकडं कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं. म्हणून शिवाजी विद्यापीठाच्या स्पर्धा जवळ आल्या की एखादा जुना खेळाडू सकाळी सहाला मैदानावर यायला लागतो. कोन मांडतो, बिब वाटतो, चौघांना रिंगणात आणि दोघांना मध्ये उभं करतो. हा मधल्यांना झुलवायचा खेळ पोरकट वाटतो, पण हिशोब करा. अकरा-अकरांच्या सामन्यात पाच मिनिटं चेंडूला पाय न लागणारं पोर इथं त्याच पाच मिनिटांत कितीतरी वेळा चेंडू घेतं, देतं, मान वळवतं. सरावाचं व्याजच चक्रवाढ!

अशा जुन्या खेळाडूंपैकी कुणी पुढं जायचं मनावर घेतो. पूर्वी वाट एकच होती, पतियाळाची. 1961 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली, आणि ‘एन.आय.एस. करून आलाय’ म्हटलं की मैदानावर त्याला वेगळा मान मिळायचा. आता लायसन्सची शिडी आहे आणि तिची बाराखडी उलटी. सुरुवात ‘डी’पासून, मग ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि टोकाला ‘प्रो’. एक पायरी चढली की आधी मैदानावर घाम गाळायचा, मग पुढचीचं बघायचं.

या शिडीवर असिस्टंटची खुर्ची किती डगमगती असते, ते गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडांकडं बघून कळतं. 2020 च्या सुरुवातीला एफसी गोवानं हेड कोचला काढलं आणि लीगचे मोजके सामने उरले असताना असिस्टंट मिरांडांना पुढं केलं. संघ गुणतक्त्यात अव्वल राहिला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. 2023 मध्ये ओडिशा एफसीत पुन्हा तेच. हेड कोच गेले, मिरांडा उभे राहिले आणि सुपर कप जिंकून दिला. आणि त्यानंतर? मोहन बागानमध्ये ते पुन्हा असिस्टंट झाले! चषक उचलून माणूस परत वही घेऊन बसला.

आता कोल्हापूरच्या जिव्हाळ्याची गोष्ट. वर्ल्ड कप आला की पेठेपेठेत मेस्सीचे कटआउट उभे राहतात, म्हणून अर्जेंटिनाचीच सांगतो. 30 जून 2006, बर्लिन. जर्मनी आणि अर्जेंटिना, उपांत्यपूर्व फेरी, सामना टायब्रेकरवर. जर्मनीचा गोलकीपर येन्स लेमान प्रत्येक पेनल्टीआधी स्टॉकिंगमधून एक चिठ्ठी काढतो, वाचतो, परत खोचतो. हॉटेलच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेली ही चिठ्ठी गोलकीपिंग कोच आंद्रेआस कोप्के यांची. कोण कुठं मारतो, याची सात नावं. त्यातल्या दोघांनीच प्रत्यक्षात पेनल्टी मारल्या. त्यातली रोबेर्तो आयालाची लेमाननं अडवली. शेवटी आला कांबियासो. त्याचं नाव चिठ्ठीत नव्हतंच! लेमाननं तरीही चिठ्ठी उघडली, सावकाश वाचल्यासारखं केलं. कांबियासो बघत राहिला. लेमाननं तीही अडवली. अर्जेंटिना बाहेर. तो चिटोरा पुढं दहा लाख युरोंना गेला, चांगल्या कामासाठी, आणि आता बॉनच्या संग्रहालयात आहे.

थांबा, खरं नवल पुढंच आहे. त्या दिवशी अर्जेंटिनाच्या ताफ्यात लिओनेल स्कालोनी नावाचा एक बॅक होता. 2018 च्या वर्ल्ड कपला तो आपल्या देशाचा असिस्टंट कोच होता. संघ लवकर परतला, हेड कोच गेले आणि तात्पुरता म्हणून स्कालोनीला उभा केला. तोवर एकाही मोठ्या क्लबचा तो हेड कोच झालेला नव्हता. 18 डिसेंबर 2022 ला त्याच ‘तात्पुरत्या’च्या संघानं फ्रान्सला टायब्रेकरवर हरवून वर्ल्ड कप घेतला. त्याच्या शेजारी असिस्टंट म्हणून कोण होते? पाब्लो आयमार आणि रोबेर्तो आयाला. कोप्केंच्या चिठ्ठीतल्या सात नावांपैकी दोन!

पुढच्या वेळी शाहू स्टेडियमवर टायब्रेकर लागला की सगळे गोलकडं बघत असतील. तुम्ही बेंचवरच्या वहीकडं बघा, आणि तिचं एखादं पान फाटलंय का ते आधी तपासा.