कुठलं विंडोज टाकू?

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० चे नेहमीचे फुकट अपडेट थांबवले आणि धडधाकट चालणारे कितीतरी संगणक एका रात्रीत म्हातारे ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल, तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. २०१६ साली हौसेनं घेतलेला लॅपटॉप या चाळणीतून खाली पडतो. त्यामुळे बऱ्याच वर्षांनी घराघरांत लिनक्सचं नाव पुन्हा निघालं आहे. ‘फुकट असतं ना ते? मग टाकून बघू का?’ असं विचारणारे नातेवाईक पुन्हा फोन करू लागलेत.

गेल्या तीस वर्षांकडे वळून पाहिलं, तर आपल्याकडे विंडोज की लिनक्स हा निवाडा गुणांवर कधी झालाच नाही, असं मला वाटतं. संगणक घेणारा माणूस ऑपरेटिंग सिस्टिम निवडत नव्हता. बिघाड झाल्यावर ज्याच्याकडे सीपीयू रिक्षात घालून न्यायचा, तो दुरुस्तीवाला ती निवडायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मशीन जोडून द्यायचं आणि शेवटी विचारायचं, ‘कुठलं विंडोज टाकू, अठ्ठ्याण्णव की एक्सपी?’ तिसरा पर्याय त्या प्रश्नात नव्हताच.

लायनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं लिनक्सची घोषणा केली ऑगस्ट १९९१ मध्ये. विंडोज ९५ बाजारात आलं ऑगस्ट १९९५ मध्ये. म्हणजे विंडोज ९५ पेक्षा लिनक्स वयानं थोरलं. पण विंडोज ९५ नं स्टार्ट बटण दिलं आणि त्या एका बटणावर संगणक वापरणाऱ्यांची अख्खी पिढी तयार झाली. त्या काळचं लिनक्स पीसीक्वेस्टसारख्या मासिकांबरोबर सीडीवर यायचं. इंजिनिअरिंगची मुलं ते घालून बघायची, हार्डडिस्कचं विभाजन करताना वडिलांचा डेटा उडवायची आणि महिनाभर घरात लिनक्सचं नाव काढायची सोय उरायची नाही.

लिनक्सवाल्यांचं मोठं भांडवल होतं ‘फुकट’. पाश्चात्त्य देशांत त्याला अर्थ होता. इथं विंडोजही फुकटच होतं. मार्करनं ‘एक्सपी एसपी२’ लिहिलेली सीडी, तिच्या पाकिटावर पेननं खरडलेली की आणि दुरुस्तीवाल्याचे दोन-तीनशे रुपये, एवढाच खर्च. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अशा चोरट्या प्रती ओळखून डेस्कटॉपवरचं पार्श्वचित्र काळं करायला सुरुवात केली, तेव्हाही लोकांनी परवाना घेतला नाही. काळा पडदा घालवायची युक्ती शोधली. दुकानांत ‘डॉस’ किंवा ‘लिनक्स’ लिहिलेले लॅपटॉप काही हजारांनी स्वस्त मिळायचे. त्यांतले बहुतेक घरी पोचायच्या आधीच पुसले जायचे.

मग आली एमएस-सीआयटी. २००१ पासून महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशननं (एमकेसीएल) संगणक साक्षरतेचा हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यात नेला. सरकारी नोकरीसाठी त्याचं प्रमाणपत्र लागू लागलं आणि महाराष्ट्रातल्या लाखो लोकांनी माऊस पहिल्यांदा धरला तो विंडोजवर. वेगळं वळण घेणं अशक्य नव्हतं. केरळनं त्याच दशकात शाळांमधलं संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं आणि तिथल्या मुलांचा पहिला माऊस लिनक्सवर हलला. मुलं दोन्हीकडे सारखीच हुशार. फरक पडला, तो मास्तरांना काय शिकवलं होतं याचा.

आपल्याकडचं खरं पाणी मुरत होतं मराठी टायपिंगमध्ये. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, साप्ताहिकं, दिवाळी अंक, सगळं डीटीपीवाल्याच्या हातून जायचं आणि त्याचा संसार होता पेजमेकर, कोरलड्रॉ आणि श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा. श्रीलिपीला हार्डवेअर लॉक असे: संगणकाच्या मागे बोटभर डोंगल लावलेलं असलं, तरच अक्षर उमटणार. हे सगळं विंडोजवर. शिवाय प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी वेगळी. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर मजकूर उघडला की पानभर रोमन कचरा दिसायचा. अशा फायलींचे गठ्ठे ज्याच्याकडे साठले, त्याला लिनक्सचे गुण सांगून उपयोग काय? त्याची दहा वर्षांची कमाई त्या मांडणीत अडकलेली.

प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडनं यातून सुटका केली, पण सावकाश. विंडोज २००० मध्ये मराठी युनिकोड आलं. एक्सपीमध्येही ते आपोआप चालू नसायचं: कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, प्रादेशिक भाषांच्या खिडकीत गुंतागुंतीच्या लिप्यांची खूण करायची आणि मशीन एक्सपीची सीडी मागायचं. सीडी दुरुस्तीवाल्याकडे. म्हणजे मराठी लिहायचं तरी पुन्हा त्याच्याच दारात. एवढं करून मिळायचा मंगल फॉन्ट. तो घडवला होता सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी, पण त्यातले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे. याच जोशींनी मुंबईच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेत केलेला ‘रघु’ फॉन्ट मुक्त परवान्यानं लिनक्सवाल्यांच्या हाती पडला. एकाच माणसानं दोन्ही आघाड्यांना अक्षरं पुरवली, याची नोंद आपण फारशी ठेवलेली नाही. २००४ मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीनं ‘लोहित’ फॉन्ट खुले केले आणि पुढे त्यांची निगा पुण्यातून राखली गेली. पहिल्या काही वर्षांत लिनक्सवर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे दिसतील याची खात्री नसे. एका प्रोग्रॅममध्ये नीट, दुसऱ्यात मोडलेलं. मात्र २०१० च्या आसपास उबंटू या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकारात मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सुरू करणं एक्सपीपेक्षा सोपं झालं होतं. हे सांगायला गेलं की समोरचा विचारायचा, ‘पण श्रीलिपी चालते का?’ विषय तिथंच संपायचा.

उबंटूचा पहिला अवतार ऑक्टोबर २००४ मधला. मागणी नोंदवली की सीडी जगात कुठंही फुकट घरपोच, टपालखर्चही नाही. २०११ पर्यंत ही सोय होती. पाकीट फोडून सीडी घातली की हार्डडिस्कला हात न लावता लिनक्स चालायचं. प्रात्यक्षिक बघून लोक हरखायचे. मग कोणीतरी गाणं लावायचं आणि घोडं अडायचं. पेटंटच्या भानगडीमुळे एमपी३ वाजवायची सोय सीडीत नसे, ती नेटवरून उतरवायची. आणि नेट कुठलं? बीएसएनएलच्या छोट्या प्लॅनमध्ये महिन्याला ४०० एमबी. काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतलं डाउनलोड मोजलं जायचं नाही, म्हणून हौशी माणसं गजर लावून उठायची. ज्या व्यवस्थेत प्रत्येक सोय नेटवरून यायची, ती नेट महाग असलेल्या देशात लंगडी पडणारच. विंडोजवाल्याला सगळं एका पायरेटेड डीव्हीडीवर मिळत होतं.

एका बाबतीत मात्र लिनक्सचा हात कोणी धरू शकला नाही. पेनड्राइव्ह आले आणि त्यांच्याबरोबर व्हायरसही. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून आणला की घरच्या विंडोजवर सगळे फोल्डर गायब, जागेवर नुसते शॉर्टकट किंवा ‘न्यू फोल्डर.ईएक्सई’. तोच पेनड्राइव्ह लिनक्सवर उघडला की खरे फोल्डर, लपवलेली ऑटोरनची फाइल आणि तो ईएक्सई सगळे उघडे पडलेले दिसायचे. निवडायचं, पुसायचं, झालं. काही सायबर कॅफेवाले एवढ्याचसाठी एक मशीन उबंटूवर ठेवत. पुढे हा उपद्रव पेनड्राइव्हपुरता राहिला नाही. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या विंडोजवरच्या हल्ल्यानं न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबवलं.

लिनक्सला संधी चालून आली नव्हती असं नाही. व्हिस्टानं २००७ मध्ये लोकांना वैताग दिला. विंडोज ८ नं २०१२ मध्ये चक्क स्टार्ट बटणच काढून टाकलं. एमएस-सीआयटीत शिकलेल्या माणसाच्या पायाखालची सतरंजीच ओढली म्हणा. पण तोवर लिनक्सवाल्यांनीही हात दाखवून अवलक्षण केलं होतं: २०११ मध्ये ग्नोम ३ आणि युनिटी या नव्या मांडण्या आणून चालतं-फिरतं डेस्कटॉप पार बदललं. सवयीची मांडणी जपणारं लिनक्स मिंट त्या गोंधळात वाढलं, तेही मुख्यतः जाणत्यांमध्ये. नवख्यानं काही विचारलं की ‘आधी मॅन्युअल वाच’ म्हणणाऱ्या भक्तांनी लिनक्सचं जेवढं नुकसान केलं, तेवढं मायक्रोसॉफ्टलाही जमलं नसेल.

आणि मग भांडणाचा मुद्दाच सरकला. बँक, रेल्वेचं तिकीट, सातबारा, मेल, सगळं ब्राउझरमध्ये गेलं. एकेकाळी इंटरनेट एक्सप्लोररवाचून पान न उघडणारी संकेतस्थळं क्रोम आणि फायरफॉक्सवर निमूट चालू लागली. खुद्द इंटरनेट एक्सप्लोररला जून २०२२ मध्ये निरोप मिळाला. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचंच कर्नल असल्यामुळे ‘मला लिनक्स जमणार नाही’ म्हणणारे काका दिवसभर तेच बोटानं सरकवत असतात. लिनक्स घरच्या माणसाला पेलण्याजोगं झालं, तोवर घरच्या माणसाचं संगणकावाचून अडेनासं झालं होतं.

दरम्यान विंडोजचा स्वभाव पालटला. अपडेटसाठी ऐन कामात मशीन बंद होणं, स्टार्ट मेनूत न मागितलेल्या शिफारशी, होम आवृत्ती बसवताना मायक्रोसॉफ्टच्या खात्याची सक्ती. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझ्या ओळखीतल्या अनेकांची गत आहे. तरी टॅलीवर हिशेब ठेवणारा, डिजिटल सहीचं टोकन रोज लावणारा आणि जुन्या श्रीलिपी फायलींवर पोट असलेला माणूस माझ्याकडे आला, तर मी त्याला विंडोजच घ्यायला सांगेन, लिनक्सचा आग्रह धरणार नाही. मेल, यूट्यूब, बँक आणि युनिकोडमध्ये मराठी लिहिणं एवढंच काम असेल, तर जुन्या लॅपटॉपवर मिंट आज बिनघोर चालतं.

त्याआधी ते पेनड्राइव्हवरून चालवून बघावं: वाय-फाय पकडतं का, आवाज येतो का, मराठी कीबोर्ड लागतो का. घाई नसेल, तर विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टनं वैयक्तिक वापरकर्त्यांना नावनोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घ्यायची मुभा दिली आहे. तेवढा वेळ पुरेसा आहे. घरातला जुना लेझर प्रिंटर लिनक्सवर चालेल का, याचं उत्तर मात्र ज्यानं त्यानं कागद घालूनच काढावं.