घाम तोच, मजुरी वेगळी
कष्टाचा हिशेब : भाग ४

मागच्या आठवड्यात सॅम्युअल स्माइल्सच्या ‘सेल्फ-हेल्प’ची ओळख करून घेतली. १८५९ सालच्या या पुस्तकाचं सार असं, की माणूस वर येतो तो स्वतःच्या कष्टावर. म्हणणं अगदीच खोटं नाही. पण तपासायचं कसं? कष्ट तेवढेच राहिले आणि बाकीचं बदललं, तर काय होतं हे पाहायला हवं. नागपुरातल्या एका बाईच्या आयुष्यात नेमकं तेच घडलं.

जाईबाई चौधरी १८९२ साली उमरेडला महार कुटुंबात जन्मल्या. १८९६च्या दुष्काळात घरचे नागपूरला आले. पुढे लग्न झालं, सासरीही गरिबीच. त्या रेल्वे स्थानकावर हमाली करू लागल्या, नागपूर-कामठी ओझी वाहू लागल्या. या बाईला लिहिता-वाचता येतं, हे ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी जाईबाईंना मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून घेतलं. पगार महिना चार रुपये. पण शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे सवर्ण पालकांना समजलं आणि त्यांनी शाळेवर बहिष्कार घातला. नोकरी गेली. जाईबाईंनी पुन्हा ओझं उचललं.

हमाल, शिक्षिका, पुन्हा हमाल. या सगळ्यात जाईबाईंची अक्षरओळख तीच होती, जिद्द तीच, मनगटातला जोरही तोच. त्यांना वर नेलं ते एका बाईच्या नजरेनं आणि खाली आणलं ते पालकांच्या बहिष्कारानं. यातल्या एकाही निर्णयात त्यांनी किती घाम गाळला हा प्रश्न आला नाही.

व्यासपीठावरून ही कथा सांगणारे हमालीवरून थेट १९२२ सालात उडी मारतात, कारण त्या वर्षी जाईबाईंनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली. ती शाळा ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण गेलेली नोकरी कथेतून वगळली की हमालीनंतर थेट शाळा येते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, ज्यांना जमलं नाही ते आळशी असणार. प्रेरणेच्या नावाखाली चाललेली ही काटछाट मला तरी अप्रामाणिक वाटते.

बरं, शाळा काढून नाव झाल्यावर तरी मान मिळाला का? १९३७च्या अखेरीस अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. तिथे अस्पृश्य स्त्रियांची जेवणाची पंगत वेगळी बसवली होती. पंधरा वर्षं शाळा चालवणाऱ्या जाईबाईही त्याच वेगळ्या पंगतीत. त्यांनी आणि इतर दलित स्त्रियांनी याविरुद्ध सभा घेऊन निषेध केला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात या पिढीतल्या स्त्रियांची नोंद केली नसती, तर हे आपल्यापर्यंत फारसं पोचलंही नसतं.

हे सगळं जुनं झालं, असं कुणी म्हणेल. मग थोडं अलीकडे येऊ. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात (हे आपल्याच अमरावती जिल्ह्यातले) आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी हजारो अर्ज पाठवले. पदवी आणि पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशच निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. अर्जदार प्रत्यक्षात नव्हतेच, त्यामुळे कोण जास्त मेहनती हा वादच उरत नाही. शाळेतल्या पालकांनी जे उघड केलं, ते इथे लिफाफा उघडणाऱ्यानं मुकाट्यानं केलं.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे ‘ऑटोचालकाच्या मुलीला ९५ टक्के’ अशी बातमी येते. पोरीचं कौतुक व्हायलाच हवं. पण बातमीदार विचारतो, रोज किती तास अभ्यास केला? क्लासची फी कुणी भरली, अभ्यासाला जागा कुठे मिळाली, तिच्याच वर्गातल्या कुणाची शाळा आठवीत सुटली, हे कुणी विचारत नाही. तासांचा आकडा मथळ्यात मावतो. बाकीच्यासाठी त्या वस्तीत पुन्हा जावं लागतं, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिकडे कुणी फिरकत नाही.

पुढच्या आठवड्यात नागपूरच्याच एम्प्रेस मिलकडे वळू. १ जानेवारी १८७७ला सुरू झालेल्या या गिरणीत जमशेदजी टाटांनी कामगारांसाठी ज्या सोयी केल्या, त्यांतून कुणाची पोरं पुढे सरकली आणि कुणाची खात्यातच राहिली, ते पाहायचं आहे.